जुनी मोटरसायकल परत रस्त्यावर आणताना: गोव्यातल्या लोकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्याकडे बाबांची १९८८ ची येझदी रोडकिंग आहे. बाबा डिचोली तालुक्यात खाणीवर कामाला होते, रोज येऊन-जाऊन याच गाडीवर. २०१२ ला खाणी बंद झाल्या आणि गाडी पडवीत लागली ती लागलीच, दहा वर्षं कोणी हलवली नाही. २०२२ च्या चतुर्थीनंतर मी ती बाहेर काढली आणि मध्ये एक आख्खा पावसाळा गेल्यावर ती रस्त्यावर आली. तेव्हापासून पंपावर, बुधवारच्या बाजारात, लग्नाच्या मांडवात, कुठेही गाडी लावली की कोणीतरी जवळ येतं आणि तेच प्रश्न विचारतं, बहुतेकांच्या घरी अशीच एखादी गाडी मागच्या पडवीत पडून असते म्हणून. त्या सगळ्यांसाठी हे लिहिलंय. उदाहरणं येझदीची जास्त आहेत, पण बुलेट, राजदूत, आरएक्स १०० वाल्यांनाही बराचसा भाग लागू पडेल.

दहा-बारा वर्षं उभी असलेली गाडी खरंच चालू होते का?

होते. या जुन्या गाड्या साध्या आहेत, आत कॉम्प्युटर नाही, सेन्सर नाही. पेट्रोल, हवा, ठिणगी आणि कॉम्प्रेशन या चार गोष्टी जागेवर आल्या की इंजिन बोलतं. तुमची गाडी छपराखाली होती की माडाखाली उघड्यावर, हे जास्त महत्त्वाचं. आपल्याकडे वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि किनाऱ्याकडे हवेत मीठ असतं, त्यामुळे पेडणे किंवा बार्देशच्या किनाऱ्यावर उघड्यावर राहिलेली गाडी आणि फोंड्यात बंद खोलीत राहिलेली गाडी यांची तुलनाच करू नका. चेसिस बघा: सीटखाली, मधल्या स्टँडच्या जोडाजवळ, मागच्या मड्गार्डच्या आतल्या बाजूला. पेचकसाने टोचून बघा. पत्रा आत जात असेल तर काम मोठं आहे. वरवरचा तांबूस गंज असेल तर काळजी करू नका. दुसरं म्हणजे पार्ट किती जागेवर आहेत ते मोजा, जाम इंजिन परवडतं पण अर्धी गाडी गायब असेल तर ती परवडत नाही.

पहिल्या दिवशी काय करू? किक मारून बघू का?

अजिबात नको. हे मी मोठ्याने सांगतोय कारण सगळे पहिलं तेच करतात, आणि शेजारीपाजारी जमले की कोणीतरी धक्का मारायला पण तयार असतोच. सिलिंडरमध्ये गंज धरलेला असतो, रिंगा चिकटलेल्या असतात, जोर लावलात की रिंग तुटते आणि सिलिंडरला उभा ओरखडा जातो, मग जे काम डिझेल ओतून झालं असतं ते लेथवर जातं.

पहिल्या दिवशी मोबाइलवर फोटो काढा. चारी बाजूंनी, मग जवळून, प्रत्येक वायर कुठून कुठे जाते, क्लचची केबल टाकीच्या कुठल्या बाजूने जाते, कुठला वॉशर कुठे आहे, सगळं. मी १५० च्या वर फोटो काढले होते आणि सहा महिन्यांनी एकेक फोटो कामाला आला. नंतर बिस्किटाचे रिकामे डबे घ्या, प्रत्येकावर कागद चिकटवून नाव लिहा, आणि एका भागाचे नटबोल्ट एका डब्यात. जुना पार्ट कितीही खराब दिसला तरी फेकू नका, नवीन आणलेला बसत नाही तेव्हा नमुना म्हणून जुनाच लागतो.

आणि त्याच दिवशी आरसी बुक शोधायला घ्या.

आरसीची एवढी घाई कशाला? आधी गाडी तर चालू होऊ दे.

उलट आहे. गाडीवर पैसे घालून झाल्यावर कळलं की नोंदणीच रद्द झालीय किंवा चेसिस नंबर जुळत नाही, तर ती गाडी अंगणातच चालवावी लागते. मी दोन जणांना तसं रडताना बघितलंय. कागद आधी, इंजिन नंतर, ब्रेक आणि वायरिंग त्यानंतर, रंग सगळ्यात शेवटी. मला कोणी एकच वाक्य विचारलं तर मी हे सांगतो.

आरसीवरचा इंजिन नंबर आणि चेसिस नंबर गाडीवरच्या नंबराशी अक्षरन् अक्षर जुळवून बघा. चेसिस नंबरावर गंज आणि जुन्या रंगाचे थर असतात, तिथे पॉलिश पेपर जोरात मारू नका, थिनरने हळू हळू पुसून काढा. नंबर घासून पुसट झाला तर इन्स्पेक्टरसमोर तुम्हीच अडचणीत याल.

आरसीची मुदत कधीच संपली. आता रिन्यू होईल का?

खाजगी गाडीची नोंदणी पहिल्यांदा १५ वर्षांची असते, त्यानंतर दर वेळी ५ वर्षांनी वाढवून घ्यायची. आमची १९८८ ची, म्हणजे २००३ ला पहिली, मग २००८, मग २०१३ ला करायची होती ती राहिली कारण तेव्हा घरात पगारच बंद झाला होता. तरीही झाली. त्यासाठी फॉर्म २५ भरायचा, थर्ड पार्टी इन्शुरन्स लागतो, पीयूसी लागतं, टॅक्स बाकी असेल तर तो आधी भरायचा, आणि गाडी प्रत्यक्ष आरटीओत नेऊन दाखवायची. इन्स्पेक्टर लाईट, हॉर्न, ब्रेक, आरसा, नंबर प्लेट बघतो आणि चेसिस नंबरचा पेन्सिलने छाप घेतात.

फी आमच्या वेळी १००० रुपये होती. ऑगस्ट २०२५ पासून २० वर्षांवरच्या मोटरसायकलला २००० झालीय. शिवाय मोटरसायकलला उशिरासाठी महिन्यामागे ३०० रुपये असं नियमात आहे, वर्षं जास्त झाली असतील तर आकडा मोठा होतो, म्हणून काउंटरवर आधी पूर्ण हिशेब विचारून घ्या आणि मगच पुढचे पैसे गाडीत घाला.

मुदत संपलेल्या आरसीवर गाडी चालवत आरटीओत जाऊ नका. आम्ही शेजाऱ्यांच्या पिकअपमध्ये दोरीने बांधून नेली. वाटेत काही झालं तर इन्शुरन्स कंपनी हात वर करायला मोकळी असते.

जुनी जीडीची नंबर प्लेट आहे, ऑनलाइन टाकलं तर गाडीच दिसत नाही. म्हणजे रद्द झाली का?

बहुतेक वेळा नाही. गोवा, दमण, दीव एकत्र होतं तेव्हाचे नंबर जीडी ने सुरू व्हायचे, जीए ची सिरीज नंतर आली. त्या काळची नोंद हाताने लिहिलेल्या रजिस्टरमध्ये असते आणि सगळ्या नोंदी कॉम्प्युटरवर चढलेल्या नाहीत. मूळ आरसी बुक घेऊन ज्या ऑफिसला नोंद आहे तिथे जायचं आणि बॅकलॉग एंट्री करून द्या असा अर्ज द्यायचा. ते रजिस्टर शोधतात, जुळवतात, मग गाडी सिस्टिमवर येते. वेळ लागतो, दोन-तीन फेऱ्या धरून चला. तो जुना नंबर तसाच राहतो आणि माझ्या मते गाडीवर जपण्यासारखी पहिली गोष्ट तो नंबरच आहे.

गाडी वडिलांच्या नावावर आहे आणि ते आता नाहीत.

त्याला फॉर्म ३१ असतो. नियमाप्रमाणे मृत्यूनंतर ३० दिवसांत आरटीओला कळवायचं आणि ३ महिन्यांत नाव बदलायचा अर्ज करायचा, पण आपल्याकडे बऱ्याच घरांत वीस-वीस वर्षं कोणी काही केलेलं नसतं. तरी काम होतं, फक्त कागद जास्त लागतात. मृत्यूचा दाखला, वारसांची ना हरकत, प्रतिज्ञापत्र. गोव्यात सिव्हिल कोडमुळे नवराबायकोची मालमत्ता बहुतेक लग्नांत अर्धी अर्धी असते, त्यामुळे आईची सही पहिली, मग भावाबहिणींची. मुंबईला, गल्फला किंवा पोर्तुगालला असलेला भाऊ सुट्टीला येणार असेल तर तेव्हाच त्याची सही उरकून घ्या.

मालक हयात असेल आणि गाडी विकत घेत असाल तर फॉर्म २९ आणि ३०. दुसऱ्या राज्यातून आणत असाल तर तिथली एनओसी, म्हणजे फॉर्म २८, हातात आल्याशिवाय पैसे देऊ नका.

एकजण बिनकागदाची बुलेट फार स्वस्तात देतोय. घेऊ?

नको. पार्टसाठी पण नको, कारण उद्या ती चोरीची निघाली तर पार्ट तुमच्या गाडीवर आहेत. आरसी हरवलीय पण नोंद आहे आणि मालक समोर आहे अशी केस वेगळी, तिथे पोलिसात हरवल्याची तक्रार आणि फॉर्म २६ देऊन डुप्लिकेट निघते.

पायलटची जुनी गाडी मिळतेय, पिवळ्या मड्गार्डची. ती घ्यावी का?

गोव्याच्या बाहेरच्यांना सांगायला लागतं की आपल्याकडे मोटरसायकल टॅक्सीवाल्याला पायलट म्हणतात. या गाड्या खूप पळालेल्या असतात पण वेळच्या वेळी ऑइल बदललेल्या, पोटापाण्याची गाडी असल्यामुळे नीट सांभाळलेल्या असतात, मला स्वतःला अशी गाडी आवडते. फक्त ती टॅक्सी म्हणून नोंदलेली असते. परमिट परत करून, नोंदणी खाजगी करून मगच घ्या, आणि ते काम जुन्या मालकाकडून होऊ दे. आणि तो पिवळा रंग ठेवायची परवानगी मिळेल असं समजू नका, खाजगी गाडीला टॅक्सीचा रंग चालत नाही.

५० वर्षांपेक्षा जुनी असेल तर व्हिंटेज नोंदणी करू का?

जुलै २०२१ मध्ये केंद्राने त्याचे नियम आणले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेली आणि मूळ रूपात असलेली गाडी त्यात बसते, नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, १० वर्षांसाठी, नंतर ५००० देऊन ५ वर्षं. नंबरात व्हीए अक्षरं येतात. पण अशी गाडी रोजच्या वापराला चालत नाही, रॅली, प्रदर्शन, देखभाल अशा कामांपुरतीच रस्त्यावर आणता येते. ज्यांना रविवारी साखळीला जाऊन यायचंय त्यांनी साधी नोंदणी चालू असेल तर तीच रिन्यू करत राहावी.

इंजिन जाम आहे. कसं सोडवायचं?

प्लग काढा आणि भोकातून डिझेल आणि एटीएफ ऑइल (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं पातळ ऑइल) अर्धं अर्धं मिसळून ओता, पिस्टनच्या वर भरेल एवढं. आठवडाभर विसरून जा, मध्ये पातळी उतरली तर परत भरा. नंतर गाडी वरच्या गिअरमध्ये टाकून मागचं चाक हाताने पुढे मागे, पुढे मागे, अगदी हळू. आमची अकराव्या दिवशी सुटली, बोटभर हलली तेव्हा बाबा खुर्चीवरून उठून आले होते.

सुटली नाही तर हेड काढा, आणि लाकडाचा ठोकळा ठेवून रबरी हातोडीने बाजूबाजूने टॅप करत सिलिंडर वर घ्या. लोखंडी हातोडी पिस्टनवर कधीच नको. फिन तुटली तर तसा सिलिंडर परत मिळत नाही.

सुटली म्हणून लगेच चालू करू नका, उघडायचं ते उघडाच. टू स्ट्रोकमध्ये, म्हणजे येझदीसारख्या पेट्रोलमध्येच ऑइल मिसळून चालणाऱ्या इंजिनात, दहा वर्षांनी क्रॅंकची ऑइल सील शंभर टक्के कडक झालेली असतात. येझदीत डाव्या बाजूचं सील गेलं तर इंजिन गिअरचं ऑइल ओढतं आणि मागून पांढरा धूर थांबत नाही. उजव्या बाजूचं, म्हणजे पॉइंटकडचं (पॉइंट म्हणजे ठिणगीसाठी करंट तोडणारा स्विच) गेलं तर बाहेरची हवा ओढते, पेट्रोल-हवेचं मिक्श्चर पातळ होतं, गाडी न्यूट्रलला आपोआप ओरडायला लागते आणि एक दिवस ऐन रस्त्यात पिस्टन धरतो. सील स्वस्त आहेत पण बदलायला इंजिन दोन भागांत उघडावं लागतं, म्हणून लोक टाळतात. टाळू नका. उघडलंच आहे तर बेअरिंग पण नवीन घाला.

कनेक्टिंग रॉड हाताने धरून वर खाली हलवून बघा. बाजूला थोडी हलते ते चालतं, वर खाली टक् असा आवाज आला तर बिग एंड, म्हणजे रॉडच्या खालच्या टोकाचं बेअरिंग, गेलंय.

रिबोअर, म्हणजे सिलिंडर आतून कापून मोठ्या मापाचा करणं, कुठे करू? गोव्यात होतं का?

होतं, फोंडा, म्हापसा, मडगाव सगळीकडे लेथवाले आहेत. क्रॅंकच्या कामासाठी मात्र बरेच जण बेळगाव किंवा कोल्हापूरला जातात, तिथे फौंड्री आणि मशिनशॉपची परंपराच आहे, मी पण चोर्ला घाटातून बेळगावला नेला. कुठेही करा, पण दोन गोष्टी पाळा. पिस्टन आधी आणा आणि तो हातात देऊन त्याच्या मापाने बोअर करायला सांगा, ५० ओव्हरसाइज म्हटलं म्हणून सगळे पिस्टन सारखे नसतात. आणि टू स्ट्रोक असेल तर बोअर झाल्यावर पोर्टच्या कडा हलक्या हाताने मोडून घ्यायला सांगा, नाहीतर त्या धारदार कडेत रिंग अडकून तुटते. फक्त फोर स्ट्रोकचं काम करणारे हे विसरतात.

टाकी आतून गंजलीय. नवीन घेऊ?

आधी जुनी वाचवा. जुन्या टाकीचा पत्रा जाड असतो, आज मिळणाऱ्या नकली टाक्यांचा आकारच वेगळा दिसतो. जुनं पेट्रोल उघड्यावर, विडी-सिगरेट-देवाऱ्यापासून लांब काढा. टाकीखालचा पेट्रोलचा नॉब काढून भोक बंद करा. मूठभर जुने नट आत टाकून खळखळ हलवा, सुटा गंज निघून जातो. मग गरम पाण्यात लिंबूफूल, लिटरला १०० ग्रॅमच्या हिशेबाने, टाकी काठोकाठ भरून रात्रभर ठेवा. आमच्या एका ओळखीच्यांनी माडाच्या सुरेचं व्हिनेगर भरून ठेवलं होतं, त्यानेही झालं, पण चार दिवस लागले आणि टाकीला महिनाभर लोणच्याचा वास येत होता. दुसऱ्या दिवशी ओतून खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवा, परत साध्या पाण्याने, आणि लगेच एप्रिलच्या उन्हात वाळवा. लगेच म्हणजे लगेच, ओली टाकी तासाभरात परत तांबडी होते. वाळली की थोडं टू टी (टू स्ट्रोकचं) ऑइल आणि पेट्रोल आत फिरवून ठेवा.

गळत असेल तर वेल्डिंगच्या दुकानात देण्याआधी टाकी नीट धुतली आहे का, वाफ पूर्ण गेली आहे का हे स्वतः बघा. रिकाम्या टाकीतली पेट्रोलची वाफच फुटते, यात माणसं गेलीयत.

आताचं इथेनॉलवालं पेट्रोल जुन्या गाडीला चालतं का?

पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल आहे, दुसरा पर्याय हाताशी नाही, तेव्हा त्याच्याशी जमवून घ्यायचं. इथेनॉल जुनं रबर फुगवतं आणि हवेतलं पाणी ओढून घेतं, आपल्या दमट हवेत तर जास्तच. म्हणून पेट्रोलची नळी, नॉबचे वॉशर, कार्ब्युरेटरची गास्किटं सगळं नवीन, चांगल्या प्रतीचं. गाडी पंधरा दिवसांपेक्षा जास्त उभी राहणार असेल तर नॉब बंद करून कार्ब्युरेटर रिकामा होईपर्यंत इंजिन चालू ठेवा. पावसाळाभर उभी राहणार असेल तर टाकी पण रिकामी करा. जेट साफ करताना लोखंडी तार घालू नका, भोक मोठं होतं, वायरीतला तांब्याचा एक बारीक धागा पुरतो.

ठिणगीच येत नाही, किंवा गाडी गरम झाली की बंद पडते.

पॉइंट बघा. दहा वर्षांत त्यावर पांढरट थर बसतो, बारीक पॉलिश पेपरने पुसा, गॅप ०.४ मिलिमीटर ठेवा, येझदीला आणि जुन्या बुलेटलाही साधारण हाच चालतो. गार असताना मस्त आणि पाच किलोमीटरनंतर बंद, थोड्या वेळाने परत चालू, असं होत असेल तर बहुतेक कंडेन्सर किंवा कॉइल. पॉइंट निळसर जळलेले दिसले तर कंडेन्सरच.

लाईट अगदी मंद आहेत. १२ व्होल्ट करून घेऊ?

करता येतं, बरेच जण करतात. पण आधी अर्थ, म्हणजे वायरिंगचं अर्थिंग, तपासा. आमच्या गाडीचं वायरिंग उंदरांनी खाल्लं होतं ते सगळं नवीन घातलं तरी लाईट मिणमिण, दोन आठवडे डोकं धरून बसलो, शेवटी कळलं की पावडर कोटिंगच्या थरामुळे चेसिसला अर्थच मिळत नव्हता. अर्थच्या बोल्टाखाली रंग खरवडून चकचकीत पत्रा काढला आणि त्याच ६ व्होल्टवर लाईट स्वच्छ आले.

पार्ट कुठे मिळतात?

येझदीची मूळ म्हैसूरची फॅक्टरी १९९६ ला बंद झाली, आणि २०२२ ला त्या नावाची जी नवीन गाडी आली तिचे पार्ट जुनीला लागत नाहीत, हे विचारणारे खूप भेटतात. आता मिळतो तो माल तीन प्रकारचा: दुकानात पडून राहिलेला त्या वेळचा मूळ, आता नव्याने बनवलेला, आणि दुसऱ्या गाडीवरचा काढलेला. पिस्टन, बेअरिंग, सील, क्लच प्लेट, पॉइंट, केबल यात तडजोड नको. दिव्याची काच, पायदान, ग्रिप नवीन बनवलेले चालतील. गोव्यातल्या जुन्या स्पेअर पार्टच्या दुकानांत आधी विचारा, मागच्या कपाटात, वरच्या फळीवर, मळक्या खोक्यात काय काय असतं! नवीन पोराला माहीत नसतं, गल्ल्यावर म्हातारे मालक असतील त्या वेळी जा आणि जुना पार्ट हातात घेऊन जा.

ब्रेक आणि टायर जुनेच चालतील का, दिसायला चांगले आहेत.

टायर नको. टायरच्या बाजूला चार आकडी शिक्का असतो, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष, २३१० म्हणजे २०१० सालचा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही शिल्लक असो, एवढं जुनं रबर पावसात ओल्या रस्त्यावर धरत नाही, आणि आपल्याकडे चार महिने ओलाच रस्ता. ब्रेकचे लायनर नवीन लावून घ्या, ड्रम आतून गंजून खडबडीत असेल तर लेथवर हलका कट. केबल सगळ्या नवीन, आतून ग्रीस किंवा ऑइल सोडून. या भागात एक रुपया वाचवायचा नाही.

पीयूसी मध्ये टू स्ट्रोक पास होते का?

होते. ३१ मार्च २००० च्या आधी बनलेल्या दुचाकीला मर्यादा वेगळी आहे, कार्बन मोनॉक्साइड ४.५ टक्के आणि हायड्रोकार्बन ९००० पीपीएम. सायलेन्सर आतून काजळीने भरलेला असेल तर नापास होईल, तो साफ करा. कॉस्टिक सोडा वापरणार असाल तर हातमोजे घाला आणि अॅल्युमिनियमच्या कुठल्याही भागाला तो लागू देऊ नका, खाऊन टाकतो. गाडी नीट गरम करून मग न्या.

रंग कुठला मारू? क्रोम?

मूळ रंग असेल आणि थोडा उडाला असेल तर माझं मत आहे की तो ठेवा. पॉलिश करा, बस्स. गेलाच असेल तर आरसीवर जो रंग लिहिलाय तोच मारा, बदलायचा असेल तर आरटीओत नोंद करावी लागते. चेसिस पावडर कोटिंगला देताना नंबराच्या जागेवर टेप लावून द्या, आणि सँडब्लास्टिंगवाल्याला तिथे अजिबात मारू नको म्हणून समोर उभं राहून सांगा. बेअरिंगच्या जागा, इंजिन बसतं त्या जागा पण झाकायच्या.

क्रोम करताना आधी तांबं, मग निकेल, मग क्रोम असे थर चढवतात की नाही ते विचारा. थेट पातळ क्रोम मारलेला सायलेन्सर गोव्याच्या हवेत एका पावसाळ्यात ठिपके धरतो.

पावसाळ्यात ठेवायची कशी?

मधल्या स्टँडवर, जमिनीपासून वर, भिंतीला न लावता. प्लास्टिक घालू नका, आतून घाम धरतो, जुनी सुती चादर घाला. सायलेन्सरच्या दोन्ही तोंडांत फडका कोंबा, उंदीर आणि पाली आत जातात, आणि हँडलला चिठ्ठी बांधा म्हणजे काढायचा लक्षात राहतो. बॅटरी काढून घरात. दर दोन आठवड्यांनी किक हाताने हळू फिरवा.

एकूण खर्च आणि वेळ?

आकडा सांगत नाही कारण प्रत्येक गाडी वेगळी. आमच्याकडे सगळ्यात जास्त पैसे इंजिनात गेले, त्याखालोखाल चाकं, टायर, ब्रेक, आणि रंगाला त्या मानाने कमी. एकदम सगळं काढू नका. गाडी पूर्ण खोलून पोत्यात भरून ठेवलेल्या अशा चार घरी तरी मी गेलोय, तिथे पोती तशीच आहेत. एक भाग काढा, पूर्ण करा, बसवा, मग पुढचा. मेस्त्री शोधताना ज्याने ते मॉडेल त्या काळात रोज हाताळलंय असा वयस्कर माणूस शोधा, त्यांना रोजचं काम असतं म्हणून घाई करू नका आणि त्यांच्या शेजारी बसून हातात पाना द्यायची तयारी ठेवा.

पहिले काही दिवस कशी चालवू?

नवीन पिस्टन असेल तर पहिले ५०० किलोमीटर ५० च्या आत, पण एकाच वेगाने नाही, कमी जास्त करत, आणि चढाला वरच्या गिअरमध्ये रेटू नका. टू स्ट्रोक असेल तर ऑइल लिटरभर पेट्रोलला ४० मिलि, डब्यात आधी मिसळून मग टाकीत. थेट टाकीत ऑइल ओतून पेट्रोल भरलं तर ते तळाला बसतं. दहा किलोमीटरवर थांबा, इंजिन हाताला बघा, नटबोल्ट आवळा, प्लग काढून रंग बघा, कॉफीसारखा तपकिरी हवा.

टू स्ट्रोकवाल्यांनी घाट उतरताना लक्षात ठेवायचं: ऑइल पेट्रोलबरोबरच जातं, म्हणजे थ्रॉटल पूर्ण बंद करून गिअरवर गाडी सोडली की इंजिन पळतंय पण त्याला ऑइल मिळत नाहीय. चोर्ला किंवा अनमोड उतरताना मधून मधून क्लच दाबून थोडा थ्रॉटल द्या. बाबा हे नकळत करायचे, मी विचारल्यावर त्यांना स्वतःलाच आठवावं लागलं की असं का करतो.

आता रोज वापरता का?

रोज नाही, रविवारी. डिचोलीहून मये तळ्याकडून परत येऊन साखळी, विठ्ठलापूरला देवळात, मग केरीपर्यंत, अंजुणे धरणाजवळ थोडं थांबायचं आणि घरी. दसऱ्याला झेंडूची माळ हिलाच पहिली. टूलबॉक्सच्या झाकणाला मात्र मी रंग दिलेला नाही, त्याच्या आतल्या बाजूला खाणीची तांबडी धूळ अजून बसलेली आहे आणि बाबांनी ती पुसू नको म्हणून सांगितलंय. किक अजून त्यांनाच पहिल्या फटक्यात लागते. येझदीची किक आणि गिअरचा लिव्हर एकच असतो, आत दाबून वर घ्यायचा आणि मग मारायचा, मला त्यात तीन महिने गेले.